गाणे म्हणण्यास कारण की

जगातला सर्वांत लोकप्रिय गायक तुमच्या चित्रपटाचा नायक असेल, तर पडद्यावर त्याला कोणतं काम द्याल? कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, गायकाचं. हॉलीवूडला हे उत्तर फारच सरळ वाटलं असावं. एल्व्हिस प्रेस्लीने 1956 ते 1969 या काळात 31 कथापट केले, आणि त्यांतल्या नायकांचे धंदे ओळीने लिहून काढले तर रोजगार विनिमय केंद्राचं रजिस्टर उघडल्यासारखं वाटतं. ‘ब्लू हवाई’त तो टुरिस्ट गाइड, ‘किड गॅलहॅड’मध्ये मुष्टियोद्धा, ‘इट हॅपन्ड अ‍ॅट द वर्ल्ड्स फेअर’मध्ये पिकांवर औषध फवारणारा वैमानिक, ‘व्हिवा लास व्हेगस’मध्ये शर्यतीच्या मोटारींचा ड्रायव्हर आणि पैशांची अडचण आली म्हणून हॉटेलातला वेटर, ‘पॅराडाइज, हवाईयन स्टाइल’मध्ये हेलिकॉप्टरचा पायलट, ‘ईझी कम, ईझी गो’मध्ये नौदलाचा पाणबुड्या आणि शेवटच्या ‘चेंज ऑफ हॅबिट’मध्ये चक्क डॉक्टर. ‘फन इन अकापुल्को’त तर तो उंचीची धास्ती घेतलेला, एके काळी सर्कशीत झुल्यावर कसरती करणारा इसम असून पोट भरण्यासाठी जीवरक्षकाची नोकरी करतो. गायकाच्या भूमिका त्याला मिळाल्याच नाहीत असं नाही, पण बऱ्याचदा गाणं हा जोडधंदा असतो. शेतकऱ्याने बाजूला दोन म्हशी ठेवाव्यात तेवढाच त्याला मान. आणि या गाइडचा, पायलटचा, पाणबुड्याचा आवाज हुबेहूब एल्व्हिस प्रेस्लीसारखा आहे, ही गोष्ट आसपासच्या एकाही पात्राच्या कानावर येत नाही.

गाणाऱ्या माणसाला अशी नोकरी चिकटवली की पटकथेपुढे एक कटकट उभी राहते. गाइड मध्येच गातो कशाला? आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडला नाही. 1882च्या ‘सौभद्र’पासून श्रीकृष्णाला पद सुरू करण्याआधी खुलासा द्यावा लागलेला नाही; साथीदारांनी सूर धरला एवढं पुरतं. हिंदी सिनेमात तर समोर झाड असलं तरी भागतं. हॉलीवूडला मात्र बोलपट आल्यापासून याची लाज वाटत आली. वाद्यं कुठे दिसत नसताना नायकाने तोंड उघडलं तर लोक हसतील, या भीतीने 1930च्या आसपासच्या कितीतरी संगीतपटांनी आपलं बिऱ्हाड थेट नाटक कंपनीतच थाटलं. तिथे सगळेच पोटासाठी गातात, त्यामुळे कुणी कारण विचारत नाही. एल्व्हिसच्या चित्रपटांना ही सोयही पुरेशी नव्हती, कारण त्यांना समुद्र, मोटारी आणि मुली दाखवायच्या होत्या. मग पटकथाकाराला दर आठ-दहा मिनिटांनी एक अर्ज लिहावा लागे: गाणे म्हणण्यास कारण की, आज आजींचा वाढदिवस आहे, कारण की, आम्ही सध्या तुरुंगात आहोत, कारण की, मित्र फार खातो. या अर्जांकडे नीट पाहिलं तर त्यात एक नियम सापडतो, आणि माझ्या मते तो या सगळ्या चित्रपटांची किल्ली आहे. सबब जितकी चोख, गाणं तितकं सुमार.

पुरावा म्हणून ‘ब्लू हवाई’च घेऊ. चित्रपट 1961चा, कंपनी पॅरामाउंट, निर्माता हॅल वॉलिस, म्हणजे ‘कासाब्लांका’ काढणारा माणूस. दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग. त्याने ‘स्किपी’साठी 1931 सालचं दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवलं होतं आणि पुढे एल्व्हिसचे तब्बल नऊ चित्रपट काढले. गोष्ट चार ओळींची आहे. चॅड गेट्स लष्करातून हवाईला परततो. त्याच्या घरची माणसं अननसाच्या कंपनीत बड्या हुद्द्यावर. मुलाने तिथेच चिकटावं अशी आईची इच्छा. मुलाला अननस नको, समुद्र हवा, आणि मायली हवी. मायली पर्यटन कंपनीत आहे, म्हणून तोही तिथे गाइड होतो, आणि एका शिक्षिकेसह आलेल्या चार शाळकरी मुलींना बेटं दाखवत हिंडतो. आई झाली आहे अँजेला लॅन्सबरी, एल्व्हिसपेक्षा वयाने जेमतेम नऊ वर्षांनी मोठी. (पुढच्याच वर्षी ‘द मॅन्चुरियन कँडिडेट’मध्ये ती तिच्याहून अवघ्या तीन वर्षांनी लहान नटाची आई झाली, हॉलीवूडने तिच्या मातृत्वाची घाई पहिल्यापासूनच केली.) हवाई 1959 सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं होतं, जेट विमानं तिकडे जाऊ लागली होती, आणि नायक गाइड असल्यामुळे कॅमेऱ्याला प्रत्येक प्रेक्षणीय स्थळी थांबायला अधिकृत कारण मिळालं. कारणांच्या बाबतीत हा चित्रपट अगदी काटेकोर आहे.

म्हणूनच त्यातली गाणी तपासण्यासारखी आहेत. विमानतळावरून मायलीबरोबर गाडीतून येताना, इतके दिवस दूर राहून एकनिष्ठ राहिलास ना, असा विषय निघतो. जवळजवळ नेहमीच, असं उत्तर तो गाण्यातून देतो. सबब बिनतोड, चाल एका जुन्या फ्रेंच बालगीताची, आणि गाणं गाडीतून उतरेपर्यंत विसरलेलं. मारामारीनंतर तुरुंगात गेल्यावर एक तुरुंगातलं गाणं. मेजवानीत इटो नावाचा मित्र हादडत बसलेला असतो, तर इटो खातो या विषयावर आख्खं एक गाणं. किनाऱ्यावर वाळूत नाचायचं तर वाळूचं. यांतलं एकही प्रसंगाला सोडून नाही. पटकथेच्या वर्गात ही सगळी पूर्ण गुण घेऊन पास होतील. पण आज इटोचं गाणं गुणगुणणारा माणूस शोधायचा तर दिवा घेऊन निघावं लागेल.

याच चित्रपटात ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ आहे, आणि ते कुठे आहे हे पाहण्यासारखं आहे. जगभरच्या लग्नांत वाजणारं हे गाणं नायक पडद्यावर नायिकेला उद्देशून सुरूच करत नाही. मायलीच्या आजीचा वाढदिवस असतो. चॅडने युरोपातून आजीसाठी गाणारी पेटी आणलेली असते. झाकण उघडलं की आतून बारीक सूर निघतात, आजी हरखते, आणि आजीशेजारी बसून हा गातो की प्रेमात पडण्यावाचून माझ्याकडे इलाज नाही. मायली आहे, पण बाजूला. प्रसंगाच्या हिशेबाने हे तर्काला धरून मुळीच नाही. सत्तरी पार केलेल्या बाईला वाढदिवसाला कुणी असली कबुली देत नाही, आणि दिलीच तर घरच्यांनी काळजी करावी. शब्दांत आजी नाही, वाढदिवस नाही, पेटी नाही, हवाई तर औषधालाही नाही. चालही मुळात अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच प्रेमगीतावरून उचललेली. सबब इतकी लंगडी की गाण्याला तिच्यावर टेकून राहताच आलं नाही, आणि म्हणून ते स्वतःच्या पायांवर चालत चित्रपटाबाहेर पडलं. पुढे 1970च्या दशकात एल्व्हिस आपल्या मैफलींचा शेवट याच गाण्याने करत असे. तिथे कुणी आजी आणून बसवावी लागली नाही.

एकाच उदाहरणावर नियम बांधू नये, हे कबूल. पुढच्याच वर्षीच्या ‘गर्ल्स! गर्ल्स! गर्ल्स!’मध्ये हा प्रयोग जणू कुणी मुद्दाम करून ठेवला आहे. नायक मासेमारीच्या बोटीवरचा. तेव्हा मासेमारीला शोभेलसं गाणं हवं, म्हणून त्याला कोळंबीचं गाणं दिलं आहे. विषय असा: एक तरुण कोळंबी वर्तमानपत्रातली जाहिरात वाचते, बोटीतून फुकट सफर मिळणार म्हणून खूश होते आणि आईबापांचा निरोप घेऊन निघते. कुणाच्या जाळ्यात जातेय हे तिला कळत नाही. हे एल्व्हिस प्रेस्ली गातो, तोंडावरची रेषही न हलवता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या अभिनयक्षमतेवर शंका घेणाऱ्यांनी ही तीन मिनिटं पाहावीत. त्याच चित्रपटात तो नाइटक्लबमध्ये उभा राहून ‘रिटर्न टू सेंडर’ म्हणतो. रुसलेल्या मुलीने न उघडता परत पाठवलेलं पत्र हा विषय. बोटीशी संबंध नाही, माशांशी नाही, कथानकाशीही नाही. गायक तोच, चित्रपट तोच, वर्ष तेच. पत्राचं गाणं अमेरिकेत दुसऱ्या आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. कोळंबी जिथल्या तिथे राहिली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की यात सबबीचा काय दोष, लिहिणारेच सुमार होते. चांगलं गाणं चांगल्या गीतकाराचं, वाईट गाणं वाईट गीतकाराचं, संपला विषय. पण कोळंबीचं गाणं लिहिणारी जोडी सिड टेपर आणि रॉय बेनेट यांची. ‘रेड रोझेस फॉर अ ब्लू लेडी’ हे 1940च्या दशकातलं गाजलेलं गाणं याच दोघांचं. इटोचं खाणंही यांनीच गाण्यात घातलं. म्हणजे गुलाब दिले तर गुलाब फुलवणारी माणसं होती. त्यांच्या हातात कोळंबी ठेवली गेली. रीत अशी होती की पटकथा तयार झाली की कुठे कुठे गाणं येणार त्या जागांवर खुणा करून ती गीतकारांकडे धाडली जाई. एकाच जागेसाठी अनेक जोड्या गाणी लिहून पाठवत, आणि प्रकाशन हक्कांतला हिस्सा सोडायला जे तयार असत त्यांचीच निवड होई. आता हातातल्या पानावर ‘नायक बोटीवर, आजूबाजूला मासे’ एवढंच लिहिलेलं असेल, तर भला माणूस काय लिहील? ‘स्पीडवे’मध्ये नायक आयकराच्या कचाट्यात सापडतो, तर आयकर कचेरीतच करभरणीच्या कर्तव्यावर गाणं होतं. अकापुल्कोत स्पोर्ट्‌स कारमध्ये रुम्बा नाचायला जागा पुरत नाही, या तक्रारीचं एक गाणं आहे. तक्रार रास्त आहे, पण ती मोटार कंपनीकडे करायची.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो संगीत नाटकाचा अभ्यास असलेला माणूस घेईल. ब्रॉडवेवर 1943च्या ‘ओक्लाहोमा!’पासून गाणं कथेत मुरलेलं असणं हेच उत्तम मानलं गेलं. प्रसंगातून उगवलेलं गाणं श्रेष्ठ, बाहेरून चिकटवलेलं कनिष्ठ. मग माझा नियम उलटा कसा? उलटा नाही. ‘ओक्लाहोमा!’त आधी माणसं लिहिलेली आहेत, आणि गाणं त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते सांगतं. एल्व्हिसच्या चित्रपटांत माणूस लिहायची सोयच नव्हती. पोस्टरवर एल्व्हिस, तिकीट एल्व्हिसचं, तेव्हा नायकाला वेगळा स्वभाव दिला तर गिऱ्हाइकाची फसवणूक झाली असती. म्हणून स्वभावाच्या जागी त्याला धंदा दिला. चॅडला मनात काय वाटतं हे गीतकाराला कुणी सांगितलं नाही. तो काम काय करतो, हे सांगितलं. भावनेला धरून लिहिलेलं गाणं दुसऱ्याच्या भावनेला लागू पडतं. धंद्याला धरून लिहिलेलं गाणं फार तर त्या धंद्यातल्या माणसाला उपयोगी पडतं, आणि कोळंबी पकडणाऱ्यांनीही ते मनावर घेतल्याचं दिसत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या घराजवळचं आहे. 1967च्या ‘ईझी कम, ईझी गो’मध्ये पाणबुडा नायक एका योगाच्या वर्गात शिरतो. वर्ग घेणारी बाई म्हणजे एल्सा लँचेस्टर, 1935च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधली वधू. दोघं मिळून योगाची टिंगल करणारं एक गाणं म्हणतात, आणि दरम्यान नायकाच्या हातापायांच्या गाठी बसतात. गंमत अशी की त्या वर्षांत एल्व्हिसला प्रत्यक्षात योग आणि अध्यात्माची मनापासून ओढ लागली होती. परमहंस योगानंदांची पुस्तकं तो वाचत होता, त्यांनी स्थापन केलेल्या कॅलिफोर्नियातल्या संस्थेत जात होता, तिथल्या दया मातांना भेटत होता. नायकाच्या आणि नटाच्या आयुष्यातला एक विषय असा जुळून आला, आणि तिथेही पटकथेला दिसलं ते फक्त आसन.

आता यावर कुणी म्हणेल, आणि बरेच जण म्हणतात, की या चित्रपटांनी एका चांगल्या नटाचं वाटोळं केलं. त्यांच्यात नियम कसले शोधता? 1958चा ‘किंग क्रिओल’ पाहिला की या म्हणण्यात तथ्य आहे हे मान्य करावं लागतं. मायकेल कर्टिझचं दिग्दर्शन, न्यू ऑर्लीन्सच्या गल्ल्या, आणि एल्व्हिस खरोखर एका चिडलेल्या पोराचं काम करतो. लष्करातून परतल्यावर 1960-61 मध्ये त्याने ‘फ्लेमिंग स्टार’ आणि ‘वाइल्ड इन द कंट्री’ असे दोन गंभीर चित्रपट केले. गाणी मोजकी, गल्लाही मोजका. मग ‘ब्लू हवाई’ आला आणि त्याची तबकडी अमेरिकेत 20 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. कर्नल टॉम पार्कर हा त्याचा व्यवस्थापक. मूळचा नेदरलँड्‌सचा, लष्कराशी त्याच्या कर्नलपणाचा काही संबंध नव्हता, ती लुइझियानाच्या गव्हर्नरने दिलेली मानाची पदवी, आणि तो गव्हर्नर जिमी डेव्हिस स्वतःच लोकप्रिय गायक होता. (गायकाला राज्यकारभार जमतो, मग गाइडगिरी का जमू नये, असं कर्नलला वाटलं असेल.) चित्रपट तबकडी विकतो आणि तबकडी चित्रपट विकते, एवढा हिशेब कर्नलला पुरला. हॅल वॉलिसचा हिशेब आणखी मोकळा होता. एल्व्हिसच्या चित्रपटांच्या नफ्यावर ‘बेकेट’सारखे दर्जेदार चित्रपट काढता येतात, अशा अर्थाचं त्याचं बोलणं 1964 मध्ये छापून आलं आणि ते एल्व्हिसला फार लागलं. ‘बेकेट’ला 12 ऑस्कर नामांकनं मिळाली. त्यातल्या कँटरबरीच्या आर्चबिशपच्या हौतात्म्याचा खर्च थोडाफार कोळंबीने उचलला, असं म्हणायला हरकत नाही.

एल्व्हिसचं दुःख खरं होतं. पुढे मुलाखतींत त्याने ते बोलूनही दाखवलं. पण नटावर अन्याय झाला म्हणून गाण्यांचा नियम खोटा ठरत नाही, उलट त्याला दुजोरा मिळतो. माणूस काढून धंदा ठेवला की नट आणि गाणं दोन्ही एकाच दगडाने मरतात. आणि माणूस काढल्यावर विनोदही कसा आंबतो हे ‘ब्लू हवाई’तच दिसतं. त्या चार मुलींतली एक, एली, रुसलेली, एकटी पडलेली, रात्री जीव द्यायला समुद्राकडे धावते. चॅड तिला वाचवतो आणि आडवी घालून बदडतो, की ती ताबडतोब शहाणी होते. त्या काळी हे हसण्यावारी गेलं. आज तो प्रसंग पाहवत नाही, आणि काळ बदलला एवढंच त्याचं कारण नाही. एली हे पात्र नाहीच, ती गाइडच्या कामातली एक अडचण आहे, आणि अडचण दूर केली की पटकथा खूश.

‘जेलहाउस रॉक’चं काय, असं विचारणारा एक तरी वाचक असणारच. तुरुंगावरचं गाणं, तुरुंगाची कथा, सबब इतकी चोख की चित्रपटाचं नावही तेच; आणि गाणं तर अमर. पण 1957च्या त्या चित्रपटात हे गाणं प्रत्यक्ष कोठडीत होतच नाही. सुटून आलेला नायक ते टेलिव्हिजनच्या कार्यक्रमात सादर करतो. गज रंगवलेले, कैदी नाचणारे. लायबर आणि स्टोलर या जोडीने तुरुंगाची थट्टाच लिहिली होती. ‘ब्लू हवाई’त मात्र नायक खऱ्याखुऱ्या गजांआड बसून बंदिवासाबद्दल गातो, आणि ते गाणं अजून जामिनावर सुटलेलं नाही.

जाता जाता ‘ब्लू हवाई’च्या शीर्षकगीताचं. ते या चित्रपटासाठी लिहिलेलंच नव्हतं. 1937च्या ‘वायकीकी वेडिंग’मध्ये बिंग क्रॉस्बीने ते आधी म्हटलं होतं, आणि त्या चित्रपटात क्रॉस्बी काय होता? अननसाच्या कंपनीचा प्रसिद्धी अधिकारी. 24 वर्षांनी त्याच पॅरामाउंटने तेच गाणं काढलं, कथा त्याच बेटांवर नेली, आणि नायकापुढे पुन्हा अननसाची नोकरी ठेवली. क्रॉस्बीने ती धरली होती, एल्व्हिसने नाकारली. हवाईच्या संगीतपटांचा एवढाच काय तो वैचारिक विकास. पण एल्व्हिस हे गाणं नामावली सुरू असताना म्हणतो, म्हणजे तेव्हा कथा सुरू व्हायची असते आणि नायकाला अजून नोकरी लागलेली नसते. ते फार गोड उतरलं आहे.

सबबीचा हा धडा मुंबईने फार लवकर घेतला होता. ‘फन इन अकापुल्को’त ‘मार्गरिटा’ नावाचं गाणं आहे, नायिकेच्या नावावरून बेतलेलं. शंकर-जयकिशन यांनी ती चाल 1968च्या ‘झुक गया आसमान’साठी उचलली, नाव, गाव, जीवरक्षक, सगळं काढून टाकलं आणि रफींकडे दिली. मार्गरिटाचं नाव आपल्याकडे कुणाला माहीत नाही. रफींचं ते गाणं रिक्षावाल्यांपासून सगळ्यांना पाठ आहे. ज्यांना एल्व्हिसचे हे चित्रपट पाहायचे असतील त्यांनी ‘गर्ल्स! गर्ल्स! गर्ल्स!’पासून सुरुवात करावी, कथेकडे लक्ष देऊ नये, आणि मध्ये उठून चहा टाकायचाच असेल तर एवढंच करावं: कोळंबीच्या गाण्याला उठू नये. तितक्या गंभीरपणे तितका निरर्थक मजकूर गाणारा दुसरा गायक मिळणार नाही. चहा संवादांच्या वेळी टाकता येतो.